उत्तर पुढच्या वर्षी

व्याख्यानमालेला यंदा पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली, आणि तिच्यात प्रतिष्ठानचा इतिहास मी लिहावा असं विश्वस्तांनी एकमतानं ठरवलं. एकमतानं म्हणजे मला न विचारता. बाईंकडं सगळे कागद आहेत, बाईंचं अक्षर चांगलं, बाई रिटायर, बाईंना आता काय काम. हेच ऐकत ऐकत माझी बावीस वर्षं गेली. गणिताच्या बाईला चिटणीस केलं की ती हातातली कणीक सोडून पत्रं लिहायला बसते, हे शिरूरमध्ये सगळ्यांना पाठ आहे.

बसले लिहायला. 'प्रतिष्ठानची स्थापना' असं वर लिहून खाली रेघ मारली आणि तिथंच अडकले. कारण हा इतिहास खरा लिहायचा तर त्यात एका माणसाचा उजवा कान येतो. तो कान आमच्यामुळं गेला. माझ्यामुळं गेला, असं म्हटलं तर विश्वस्त म्हणतात, बाई, तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. स्मरणिकेसाठी मी त्यांना हवी तशी दोन पानं लिहून दिली, फोटोंना जागा सोडून. ती छापतील. हे मात्र कुणी सांगितलेलं नाही, हे मी लिहिल्याशिवाय मला दुसरं काही लिहवत नाही म्हणून लिहिते.

प्रतिष्ठान ज्यांनी काढलं ते रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी दौंडला, बहुतेक मालगाड्यांवर. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. सगळे त्यांना गार्डमामा म्हणायचे आणि मीही तेच म्हणते. मामांची वडिलोपार्जित जमीन इकडं रांजणगावच्या बाजूला होती, नुसता खडकाळ माळ, कुसळंसुद्धा धड यायची नाहीत. पुढं कारखाने आले, माळ गेला आणि पैसे आले. पुतण्यांनी आपापल्या वाट्याचे बंगले बांधले, गाड्या घेतल्या. मामांनी आपला वाटा बँकेत ठेवला आणि त्याच्या व्याजातून लोकांसाठी मोफत व्याख्यानं करायची असं ठरवून प्रतिष्ठान नोंदवलं. भावकीनं कपाळावर हात मारला. माणूस पैसा देतो तो देवळाच्या कळसाला देतो, वेशीवर कमान बांधतो, तिच्यावर बापाचं नाव घालतो. बोलण्याला कुणी पैसे देतं का? आमच्याकडं बोलणं तर पारावर फुकट मिळतं.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, व्याख्यानंच का? म्हणाले, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून जन्म गेला. पुढं इंजीन, मागं रूळ, मनात नाही नाही ते यायचं आणि विचारायला कुणी नसायचं. मग घरी येईपर्यंत ते विसरून जायचं. त्यांना त्या विसरून गेलेल्या प्रश्नांची फार हळहळ वाटायची. मला तेव्हा ते जरा चमत्कारिक वाटलं. आता नाही वाटत.

तर वर्षाला तीन व्याख्यानं, थंडीत. पहिलं शिरूरला, दुसरं दौंडला आणि तिसरं फिरतं, कधी वरवंडला, कधी आणखी कुठं, ज्या गावची शाळा पटांगण देईल तिथं. मामांच्या अटी होत्या. तिकीट नाही. उद्घाटक नाही. हार, शाल, श्रीफळ काही नाही. सहा म्हणजे सहाला सुरू, समोर सात माणसं असली तरी. आमच्याकडं शाल-श्रीफळाशिवाय माणूस स्टेजची पायरी चढत नाही, त्यामुळं पहिली पाच वर्षं गावातले निम्मे पुढारी आमच्याकडं फिरकलेच नाहीत. मामा म्हणायचे, गर्दी कमी झाली, हवा खेळती राहिली. दौंडच्या व्याख्यानात मधेच एखादी गाडी धडधडत गेली की व्याख्याता थांबायचा, आणि मामा डोळे मिटून नुसत्या आवाजावरून गाडी कोणती ते शेजारच्याला सांगायचे. बरोबर असायचं की नाही कुणास ठाऊक, तपासणार कोण.

सगळ्यात मोठी अट वहीची. व्याख्यान संपलं की दाराशी टेबलावर एक मोठी वही उघडी ठेवलेली असायची. अभिप्रायाची नव्हे. 'व्याख्यान छान झाले' असं कुणी लिहिलं की मामा चिडायचे. त्या वहीत आपल्याला जे कळलं नाही ते लिहायचं. नाव घालायचं नाही, फक्त गाव घालायचं, म्हणजे माणूस लाजत नाही. मामा दाराशी उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, 'कळलं ते घरी न्या, न्हाई कळलं ते हितं ठेवून जा.' मग ते प्रश्न व्याख्यात्याला पोस्टानं पाठवायचे, त्यानं पत्रानं उत्तरं द्यायची आणि ती पुढच्या वर्षीच्या पहिल्या व्याख्यानाआधी सगळ्यांसमोर वाचायची. असं होतं आमचं. प्रश्न यंदा, उत्तर पुढच्या वर्षी. लोकांना त्याची चटक लागली होती. लोक फक्त उत्तर ऐकायला यायचे आणि नवं व्याख्यान सुरू झालं की उठून जायचे.

आता पाकिटाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथं पेंड खातं. सुरुवातीला उत्तराचं पत्र आलं की मामा ते लगेच वाचायचे. पण एका वर्षी नदीच्या पाण्यावर व्याख्यान झालं आणि वहीत कुणीतरी विचारलं, की आमच्या वस्तीखाली पाण्याला फेस येतो तो कुणाचा? उत्तर आलं ते तेव्हाच्या एका विश्वस्तांच्या घरच्या पत्त्यावर. त्यांनी ते उघडलं, वाचलं आणि ते पत्र हरवलं. म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणं हरवलं. त्या पत्रात त्यांच्या सोयऱ्याचं नाव होतं अशी बोलवा होती. मामा इतके संतापले, की त्यांनी प्रतिष्ठानच्या घटनेतच एक कलम वाढवलं. उत्तराचं पाकीट कुणीही उघडायचं नाही. ते चिटणिसाच्या कपाटात बंद राहील आणि पुढच्या वर्षी व्यासपीठावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडलं जाईल. प्रश्न सगळ्यांचा, तर उत्तरही सगळ्यांसमोर. मला हे कलम फार आवडलं होतं. इतका चांगला नियम आपल्या दोन तालुक्यांत दुसऱ्या कुठल्या संस्थेत नसेल असं मी चार लोकांना सांगत फिरायचे.

त्याच सुमाराला माझ्याकडं चिटणीसपद आलं. माझं काम वहीतले प्रश्न उतरवून काढायचं. लोक काहीही लिहायचे. कुणी पेन्सिलीनं, कुणी दोन ओळींत चार प्रश्न, कुणी आपल्या सुनेचं गाऱ्हाणं. ते जसंच्या तसं पुण्याच्या विद्वान माणसाला कसं पाठवायचं? मला लाज वाटायची. खरं सांगायचं तर आपल्या गावाची लाज वाटायची. म्हणून मी ते नीट करून लिहायचे, घरगुती भाग काढून, प्रश्न प्रश्नासारखा दिसेल असा. मामांनी एकदा ते पाहिलं. म्हणाले, बाई, तुम्ही इस्त्री फार कडक करता. मी हसले आणि तसंच चालू ठेवलं. नंतर मामा गेले आणि मला अडवणारं कुणी राहिलं नाही.

मामा गेल्यावर शाल-श्रीफळ आलंच. हार आले, उद्घाटक आले. एका वर्षी तर सत्कारातच पाऊण तास गेला आणि व्याख्यात्यानं घड्याळ पाहत पाहत आपलं भाषण गुंडाळलं. मी मीटिंगमध्ये बोलले तर अध्यक्ष म्हणाले, बाई, काळ बदलला, जरा सांभाळून घ्यावं लागतं. ते मोठे बागायतदार, सोसायटीवर दोनदा निवडून आलेले, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण कुणाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. सगळ्या अटी एकेक करून गळाल्या, तेव्हा वही आणि पाकीट या दोन गोष्टींना मी हट्टानं धरून बसले. निदान एवढं तरी मामांचं राहू द्या म्हटलं. करोनात दोन वर्षं सगळं बंद होतं. मला आता उगाच वाटतं, की ते बंदच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

पुन्हा सुरू झालं त्या वर्षी तिसरं व्याख्यान कारेगावला घेतलं. तिथं सगळी कारखान्यातली माणसं, म्हणून मीच एका कानाच्या डॉक्टरांना बोलावलं, विषय कारखान्यातला आवाज. वेळही पहिली शिफ्ट सुटली की लगेचची ठेवली. शाळेच्या पटांगणात माणसं कंपनीच्या ड्रेसवरच आली. परप्रांतातली पोरंही होती, त्यांना शेजारचे हिंदीत समजावत होते. इतक्या वर्षांत असं भरलेलं पटांगण मी पाहिलं नव्हतं. सत्कारही आटोपशीर झाला, कारण उद्घाटकांना दुसरीकडं जायचं होतं. डॉक्टर साधं, सोपं बोलले. वहीपुढं रांग लागली. त्या दिवशी घरी येताना मी आनंदात होते हे मला लिहायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न उतरवायला बसले. त्यातला एक असा होता: 'प्रेसवर हाय. डाव्या कानानं कमी येतं. उजवा चांगला हाय. काम सोडलं तर उजवा राहील का. सोडू का.' खाली गाव, कारेगाव. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन.

मी तो असा केला: 'कारखान्यातील आवाजामुळे येणारे बहिरेपण काम बंद केल्यास थांबते काय?' मला वाटलं, किती मुद्देसूद. 'सोडू का' हे मी काढून टाकलं. डॉक्टर काय याचे मामा आहेत का, नोकरी सोडू का म्हणून त्यांना विचारायला? असंच काहीसं मनात आलं होतं. आता आठवलं की माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं. इतक्या लवकर कुणाचंच येत नसे. लोकांकडून उत्तर मिळवायला मला तीन-तीन फोन करायला लागायचे, आणि इथं पाकीट पंधरवड्याच्या आत दारात. जाडजूड होतं. मी ते हातात धरून वजन केल्यासारखं केलं आणि कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. वर्षभर ते तिथं होतं. मी त्या कपाटातून साड्या काढत होते, गॅसचं कार्ड काढत होते, ते पाकीट रोज दिसत होतं.

पुढच्या थंडीत शिरूरला पहिलं व्याख्यान. सत्कार झाले. मग आप्पांनी माइकवर पाकिटाची परंपरा सांगितली, ते कधी आलं हे कुणी सांगत नसे, सगळ्यांना पाकीट दाखवलं आणि ते माझ्याकडं दिलं. मी फोडलं आणि वाचायला लागले. पहिली दोन उत्तरं साधी होती. तिसरं त्याचं. डॉक्टरांनी आधी सगळं रीतसर समजावून लिहिलं होतं, आणि मग खाली वेगळा परिच्छेद. तो मला अजून पाठ आहे. 'हा प्रश्न कुणी स्वतःसाठी विचारला असेल अशी मला शंका येते. तसे असेल तर त्या व्यक्तीने तातडीने कान तपासून घ्यावेत आणि त्या आवाजापासून दूर व्हावे. गेलेले परत येत नाही. उरलेले राखता येते, पण त्यासाठी उशीर करून चालणार नाही. माझे हे पत्र त्या व्यक्तीला कृपया आजच पोचवावे.'

'आजच' हा शब्द मी माइकवर वाचला. वर तारीख होती, ती मागच्या वर्षाची.

वाचता वाचता मी समोर पाहिलं. मधल्या रांगेत एक बाई शेजारच्या माणसाच्या उजव्या कानाला अगदी तोंड लावून, मी वाचत होते ते त्याला सांगत होती. चाळिशीचा असेल. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान डोलवत होता. तिचं सांगून झाल्यावर त्यानं व्यासपीठाकडं बघून हात जोडले. माझ्याकडं बघून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आमच्याकडं उत्तर वाचून झालं की टाळ्या वाजवतात. मी खाली बसले. त्या दिवशीचा व्याख्याता काय बोलला त्यातलं अक्षरही मला आठवत नाही.

नंतर ती दोघं मला दाराशी भेटली. मूळची वरवंडकडची, पोटापाण्यासाठी कारेगावला खोली घेऊन राहिलेली. मी विचारलं, कान कसे आहेत? बायकोच बोलली. डावा गेलाच, उजव्यानं अगदी जवळून बोललं तर येतं. उत्तर ऐकण्यासाठी खाडा करून आलेत म्हणाली. लई उपकार झाले म्हणाली. मी काय बोलले? मी म्हटलं, आता लगेच डॉक्टरांना दाखवा. एवढंच म्हटलं. पाकीट कधी आलं होतं ते मला सांगता आलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यानं काम सोडलं असं कळलं. तोवर उजव्या कानातही फारसं राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. प्रश्न कसा बदलला तेही. आप्पा शांतपणे म्हणाले, 'बाई, नियम मामांचा. पत्र उघडलं असतं तर तुम्ही नियम मोडला म्हणून आम्हीच बोललो असतो.' हे खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. कलम बदला म्हटलं तर पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढच्या मीटिंगला चहा, भजी आणि आणखी पुढची मीटिंग. शेवटी मी कुणाला न विचारता पाकिटं आल्या दिवशी फोडायला लागले आणि प्रश्न जसेच्या तसे, सुनेच्या गाऱ्हाण्यासकट पाठवायला लागले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

त्या दोघांकडं जावं, खरं सांगावं, हे रोज मनात यायचं. दोन वर्षं यायचं. गुडघे दुखतात, उन्हं फार आहेत, आज गुरुवार आहे. माणूस भित्रा असला की त्याला कारणं फार सुचतात. पण गेल्या थंडीत ती दोघं पुन्हा शिरूरच्या व्याख्यानाला आली, आणि या खेपेला अगदी पुढं बसली. व्याख्याता विनोदी होता. सगळे हसले की हा बायकोकडं बघायचा, ती हसतेय असं दिसलं की मग हसायचा. दीड तास तो तसं करत होता. मला ते बघवेना. येत्या रविवारी जायचंच असं मी तिथं बसल्या बसल्या ठरवलं.

गेले. शिरूरहून एसटीनं कारेगाव, आणि पुढं विचारत विचारत. शेतकऱ्यांनी भाड्यासाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या, ओळीनं वीस-बावीस. ती दारातच धान्य निवडत होती. तिनं मला ओळखलं, आत सतरंजी टाकली, पाणी दिलं. तो घरमालकाच्या म्हशींचं बघतो आता, मागं गोठ्यात होता. हाक मारून उपयोग नसतो म्हणाली, येतील आपोआप. मुलगी शिकायला पुण्याला होती. तिचं सगळं सांगून झालं. मग मी कसं सुरू करावं ते ठरवत असताना तीच बोलायला लागली. खाली बघून, धान्य निवडत निवडत.

'काम सोडतो म्हणून ते तवाच म्हणत हुते, बाई. तुमच्या वहीत लिवून आले त्याच दिशी. मीच अडवलं. म्हणलं, लिवलंय न्हवं वहीत, शिकल्याली माणसं हायती, त्यांचं उत्तर येऊ द्या, मग सोडा. पोरीची बारावी हुती. वरीसभर मीच त्यांना डबा भरून त्या मशीनवर धाडलं. डॉक्टरला तरी काय बोलायचं, त्यांना सवड झाली नसंल.'

मला वाटत होतं की ते ओझं माझं एकटीचं आहे. ही बाई तेच ओझं तीन वर्षं वाहतेय आणि तिचा त्यात काही दोष नाही, हे फक्त मला माहीत होतं.  मी तिला सांगितलं, की डॉक्टरांना उशीर झाला नव्हता. पंधरा दिवसांत त्यांचं पत्र आलं होतं. वर्षभर ते माझ्या कपाटात होतं.

तिचे हात थांबले.

'उघडलं न्हाई?'

'नाही.'

'का?'

'नियम होता,' मी म्हटलं. तो शब्द माझ्याच तोंडून त्या खोलीत इतका लाजिरवाणा वाटला, की तो परत घेता आला असता तर मी घेतला असता. मग प्रश्न मी कसा बदलून लिहिला तेही सांगितलं. रडू आलं, पण तिच्यापुढं रडायचा मला काय हक्क, म्हणून ते मी गिळलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यासाठीच गेले होते म्हटलं तरी चालेल.

तिनं सूप पुढं ओढलं. मग सुपातलं धान्य डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

'ह्यांना सांगू नका,' ती म्हणाली. 'म्या अडवलं म्हणून ते मला कवा एका शब्दानं बोलले न्हाईत. डॉक्टरला उशीर झाला, कुनाचा दोष न्हाई, असं म्हणत्यात आन् गप बसत्यात. आता तुमचं कळलं तर राग कुनावर तरी धरावा लागंल त्यांना. हितं कुनाकडं जात न्हाईत ते, लग्नाकार्याला न्हाई, मयताला न्हाई. वरसातनं एकदा कापडं इस्त्री करून तुमच्या व्याख्यानाला येत्यात. त्येवढं त्यांचं ऱ्हाऊ द्या.'

मी मान हलवली. माफ कर म्हणायला गेले होते, ते तसंच राहिलं. ती माफ करतेय की नाही हे ती बोललीच नाही, आणि मला विचारवलं नाही. बाहेर बादली वाजली. तो आला, हातपाय धुऊन दारात उभा राहिला, मला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं आमच्या दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि बायकोला विचारलं, बाई काय म्हणत्यात. आवाज फार मोठा होता, आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही तसा.

ती उठली, त्याच्या कानाला तोंड लावून ओरडली, 'पुढल्या वर्साचं आवतन द्यायला आल्यात.'

त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. 'येतो की,' तो म्हणाला. 'फकस्त पुढं जागा धरा, बाई. पुढं बसलं की समदं ऐकू येतं मला.'

ती त्याच्यामागं उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. तो मात्र माझ्या ओठांकडं टक लावून उत्तराची वाट बघत होता, म्हणून मी सावकाश, त्याला दिसेल असं म्हटलं, 'धरते.'